कंसातलं अक्षर



ज्यांच्या स्मृतीसाठी आपण जमलो आहोत त्यांना सगळं गाव नुसतं 'सर' म्हणत असे. मीही आज तेवढंच म्हणणार आहे. सरांनी आम्हाला विज्ञान शिकवलं. पुढं मीही तोच विषय तीस-एक वर्षं शिकवला. व्याख्यानाचं आमंत्रण आलं तेव्हा विश्वाची उत्पत्ती, अणुऊर्जा असे मोठे विषय मनात येऊन गेले. पण सरांची आठवण काढायची तर त्यांनी जन्मभर ज्या गोष्टीचा आग्रह धरला तिच्यावरच बोललं पाहिजे, असं वाटलं. ती गोष्ट फार लहान आहे. रासायनिक समीकरणात प्रत्येक पदार्थाच्या शेजारी कंसात जे एक बारकं अक्षर लिहितात, ती. स्थायूला एस, द्रवाला एल, वायूला जी आणि पाण्यात विरघळलेल्याला एक्यू.

सर फळ्यावर समीकरण पूर्ण लिहीत, आकडे जुळवून देत आणि कंस मात्र रिकामे ठेवत. म्हणत, "कंस उद्या भरा. आज जाऊन बघून या." त्या 'बघून या'चा अर्थ कळायला मला बरीच वर्षं लागली. आकडे घरी बसून जुळवता येतात, कंस भरायला उठून जावं लागतं. आज मला एवढंच सांगायचं आहे. बाकीचं बोलणं म्हणजे सरांनी आम्हाला काय काय बघायला लावलं त्याचा हिशेब आहे. इथं फळा नाही, म्हणून मी पदार्थांची नावं पूर्ण बोलेन आणि अवस्था मराठीत सांगेन.

आधी आकड्यांचं. समीकरण संतुलित करायचं म्हणजे डाव्या बाजूला जितके अणू आले तितकेच उजव्या बाजूला निघाले पाहिजेत. पदार्थ नवा होतो, अणू नवा होत नाही आणि हरवतही नाही. फ्रान्समध्ये लव्हाझिएने १७८९ साली आपल्या ग्रंथात हे स्वच्छ मांडलं. तराजू हे त्याचं मुख्य हत्यार होतं. बाजारात तागडी धरणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. वर्गात मात्र मुलं एक चूक हटकून करतात. हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून पाणी, हे समीकरण दिलं की उजवीकडे ऑक्सिजनचा एक अणू कमी पडतो. मग मुलगा पाण्याच्या सूत्रातच ऑक्सिजनच्या पायाशी दोन लिहून मोकळा होतो. बेरीज जुळते, पण पाणी उरत नाही. त्याचं हायड्रोजन पेरॉक्साइड होतं, जखम धुवायला औषधाच्या दुकानात मिळतं ते. सर म्हणायचे, पायाशी लिहिलेला पादांक पदार्थाचा आहे, त्याला हात लावायचा नाही. डोक्यापुढं लिहिलेला सहगुणक आपला आहे, तोच बदलायचा.

घरातल्या गॅसच्या टाकीचं उदाहरण घ्या. टाकीत प्रोपेन आणि ब्युटेन यांचं मिश्रण असतं. हिशेबासाठी नुसता प्रोपेन धरू. एक प्रोपेन आणि पाच ऑक्सिजन मिळून तीन कार्बन डायऑक्साइड आणि चार पाणी. वजनात मांडलं तर ४४ ग्रॅम प्रोपेन १६० ग्रॅम ऑक्सिजन घेतो आणि १३२ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड व ७२ ग्रॅम पाणी देतो. दोन्हीकडे २०४. म्हणजे १४.२ किलोची टाकी संपते तेव्हा स्वयंपाकघरातून साधारण साडेबेचाळीस किलो कार्बन डायऑक्साइड आणि तेवीस किलो पाण्याची वाफ निघून गेलेली असते. टाकीच्या वजनापेक्षा कितीतरी जास्त. हे जास्तीचं वजन हवेतल्या ऑक्सिजनचं. अशी गोष्ट आकडे सांगतात आणि त्यांचं ते सामर्थ्य थोर आहे. पण याच समीकरणात प्रोपेनपुढच्या कंसात काय लिहाल? टाकी हलवून बघा, आत द्रव खळखळतो. शेगडीच्या तोंडाशी येतो तो वायू. जळतो तो वायू, म्हणून कंसात वायू. टाकी भरभर वापरली की तिचं अंग गार पडतं, कारण आतल्या द्रवाचा वायू होताना तो टाकीचीच उष्णता ओढून घेतो. हे सगळं त्या एका अक्षरामागं आहे.

आता कल्हईकडे वळतो. मला जे सांगायचं आहे ते कल्हईवाल्याइतकं स्पष्ट कुणी सांगितलेलं नाही.

माझ्या लहानपणी वर्षातून दोनदा तरी कल्हईवाला यायचा. लिंबाखाली खड्डा खणून त्यात कोळसा भरायचा, भात्याचं तोंड मातीनं लिंपायचा आणि घरोघरची पितळी पातेली, तांब्याची घंगाळं, पराती त्याच्यापुढं जमायच्या. पितळेच्या भांड्यात ताक ठेवलं की ते कळकतं, हे आमच्या आयांना ठाऊक होतं. आंबट पदार्थ तांब्या-पितळेला खातो आणि तांब्याचे क्षार अन्नात उतरतात. आत कथलाचा पातळ थर दिला की ते थांबतं.

एका शनिवारी सरांनी अख्खा वर्ग त्या लिंबाखाली नेऊन बसवला. आदल्या दिवशी फळ्यावर समीकरण दिलं होतं: नवसागर तापवला असता अमोनिआ आणि हायड्रोजन क्लोराइड. कंस रिकामे. कल्हईवाल्यानं पातेलं तापवलं, पांढऱ्या नवसागराची चिमूट आत टाकली आणि कापसाच्या बोळ्यानं भराभर फिरवली. भस्सकन पांढरा धूर उठला, नाकात झणझणीत वास गेला. मग कथलाची कांडी तापल्या भांड्याला टेकवली, ती वितळली आणि बोळ्याच्या दोन फेऱ्यांत काळवंडलेलं पातेलं आतून चांदीसारखं झालं.

सोमवारी आम्ही सगळ्यांनी उत्तर लिहिलं: धूर निघाला, म्हणजे वायू निघाला. सरांनी विचारलं, "धूर दिसला का?" दिसला. "पांढरा होता?" होता. "अमोनिआला रंग असतो का? हायड्रोजन क्लोराइडला?" नसतो. "मग तुम्हाला दिसलं ते काय?"

वर्ग गप्प झाला. ती शांतता मला अजून आठवते.

दिसलं ते नवसागरच होतं. तापल्या भांड्यावर स्थायू नवसागराचे दोन वायू झाले, दोन्ही बिनरंगाचे. ते वर थंड हवेत आले, पुन्हा एकमेकांना भेटले आणि त्यांचा पुन्हा स्थायू नवसागर झाला, इतक्या बारीक कणांचा की तो हवेत तरंगत राहिला. आपण ज्याला धूर म्हणून वायू समजत होतो तो तरंगणारा स्थायू होता. नाकाला झोंबला तो वायू, डोळ्याला दिसला तो स्थायू. एकच समीकरण एकदा डावीकडून उजवीकडे गेलं आणि वीतभर वर जाऊन उजवीकडून डावीकडे आलं. हॉलंडच्या व्हान्ट हॉफ यांनी १८८४ च्या ग्रंथात असल्या अभिक्रियांसाठी दोन उलट बाण वापरले. पुढं १९०१ मध्ये रसायनशास्त्राचं पहिलं नोबेल पारितोषिक त्यांनाच मिळालं. आम्ही ते दोन बाण लिंबाखाली पाहिले होते.

आणि मधल्या त्या क्षणात, वायू मोकळे असताना, खरं काम झालं. भांड्यावर तांब्याच्या ऑक्साइडचा काळा थर होता. कॉपर ऑक्साइड स्थायू, त्याला दोन हायड्रोजन क्लोराइड वायू मिळाले, कॉपर क्लोराइड झालं आणि पाणी वाफ होऊन गेलं. थर निघाला, खालचा स्वच्छ धातू उघडा पडला आणि म्हणूनच कथील त्याला चिकटलं. कथील २३२ अंशांना वितळतं आणि तांबं हजाराच्या वर, म्हणून एक द्रव होतं आणि दुसरं जागचं हलत नाही. या तीन-चार कंसांत कल्हईवाल्याचा सगळा धंदा मावतो. त्या बापड्याला सूत्र येत नव्हतं, पण नवसागर कधी टाकायचा आणि कथील कधी टेकवायचं हे त्याला बरोबर कळत होतं. समीकरण नसेल, अवस्था त्याला पाठ होत्या.

आता आपल्या धारूरच्या किल्ल्याकडे. सोळाव्या शतकात आदिलशाहीचा सरदार किश्वरखान यानं हा किल्ला बांधला, पुढं निजामशाहीनं घेतला, १६३१ मध्ये मुघलांनी. धारूरला फतेहाबादही म्हणत. हा इतिहास गावातल्या पोरासोरांना माहीत आहे, त्यात मी जास्त शिरत नाही. मला भिंतीतला चुना बघायचा आहे.

आपल्या बालाघाटाचा दगड काळा आहे, पण काळ्या मातीखाली, ओढ्याकाठी चुनखडीचे पांढुरके खडे सापडतात. शेतकरी अशा रानाला चुनखडीचं रान म्हणून नावं ठेवतो. असले खडे भाजून चुना करायची रीत दख्खनमध्ये जुनी आहे. चुन्याची गोष्ट तीन समीकरणांत संपते. पहिलं, चुनखडी म्हणजे कॅल्शिअम कार्बोनेट, स्थायू. भट्टीत भाजली की कळीचा चुना म्हणजे कॅल्शिअम ऑक्साइड, स्थायू, आणि कार्बन डायऑक्साइड, वायू. दुसरं, कळीच्या चुन्यावर पाणी ओतलं की चुना विरतो आणि कॅल्शिअम हायड्रॉक्साइड होतं. तिसरं, विरलेला चुना भिंतीत बसला की तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतो, पुन्हा कॅल्शिअम कार्बोनेट होतो आणि पाणी सोडतो.

मुलांनो, ही तिन्ही समीकरणं एकदा वहीत लिहून बघा. एकाही ठिकाणी सहगुणक लिहावा लागत नाही. ती जन्मजातच संतुलित आहेत. म्हणजे ज्याला फक्त आकडे जुळवायचे आहेत त्याला इथं करण्यासारखं काही नाही, पूर्ण गुण घेऊन तो पुढं जाईल आणि चुना काय करतो हे त्याला कधीच कळणार नाही. इथं बोलतात ते फक्त कंस.

पहिल्या समीकरणातला 'वायू' बघा. चुनखडी भाजायला सुमारे ९०० अंशांची आच लागते. पण नुसती आच पुरत नाही. वायूला वाट लागते. भट्टी गच्च बंद केली आणि वायू आतच कोंडला तर तो परत चुन्याला जाऊन मिळतो आणि चुना पुरता भाजत नाही. भट्टीला वरून तोंड आणि खालून हवा ठेवतात ती जळणासाठी आणि या वायूला बाहेर काढण्यासाठीही. १०० किलो चुनखडीतून ५६ किलो चुना उरतो, ४४ किलो वायू होऊन निघून जातो. हे ४४ किलो कुठं जातात हे स्कॉटलंडच्या जोसेफ ब्लॅकनं शोधलं. १७५६ साली छापलेल्या त्याच्या निबंधात वजनांचा तो हिशेब आहे. चुनखडीत जखडून बसलेली ही वेगळीच हवा आहे, असं त्याच्या ध्यानात आलं. त्याआधी चुन्याचा दाहकपणा विस्तवातून आत शिरतो असं मानीत. ब्लॅकनं दाखवलं की भट्टीत चुन्यात काही शिरत नाही, काहीतरी निघून जातं. आपण फुंकलेला श्वास चुन्याच्या निवळीला गढूळ करतो हेही त्यानंच करून दाखवलं. प्रत्येक शाळेत नळी घालून फुंकायचा प्रयोग होतो तो त्याचा.

आणि तिसरं समीकरण. भिंतीतल्या चुन्याला घट्ट व्हायला वायू हवा आणि वायू बाहेरून आत शिरायला वेळ लागतो. थर पातळ असेल तर काम लवकर होतं, रुंद तटाच्या पोटात वर्षानुवर्षं चालतं. सिमेंटचं तसं नाही, ते पाणी धरून घट्ट होतं आणि पाण्याखालीही बसतं. जुने गवंडी चुन्याची भिंत उतावळेपणानं लिंपू देत नसत. नव्या घराच्या चुन्याच्या भिंतींना ओल सुटते अशी तक्रार असायची. ती ओल काही प्रमाणात समीकरणातलीच आहे, ७४ ग्रॅम चुना ४४ ग्रॅम वायू घेतो आणि १८ ग्रॅम पाणी बाहेर टाकतो. भट्टीत गमावलेले ४४ भिंतीत परत आले, चुनखडीची पुन्हा चुनखडी झाली. आपल्या तटाच्या सांध्यांत पांढरं दिसतं ते असं हवेतून परत मिळवलेलं आहे. किल्ल्यावर जाल तेव्हा त्या सांध्यावरून बोट फिरवा, खरवडू मात्र नका.

आता या कंसांच्या भाषेबद्दल दोन शब्द. आपला भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. हैदराबादला १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ निघालं आणि तिथं विज्ञानही उर्दूतून शिकवलं जाई. देशी भाषेत रसायनशास्त्र शिकवता येतं हे तिथं सिद्ध झालं, मात्र ती भाषा इथल्या मराठी पोराच्या घरची नव्हती. तिकडं कोल्हापुरात बाळाजी प्रभाकर मोडक यांनी एकोणिसाव्या शतकातच मराठीत रसायनशास्त्र लिहायला घेतलं होतं. स्थायू, द्रव, वायू हे शब्द आज तुमच्या तोंडात सहज बसले आहेत त्यामागं अशा पुष्कळ माणसांचे कष्ट आहेत. मला अडतो तो चौथा शब्द. 'जलीय' म्हटलं की मुलाच्या डोळ्यापुढं काही उभं राहत नाही. सर त्याऐवजी 'पाण्यात मुरलेला' म्हणत आणि मुलांना एका क्षणात कळे.

कारण द्रव आणि जलीय यांतला गोंधळ सगळ्यात मोठा. वितळलेलं मीठ द्रव असतं, त्याला ८०० अंश लागतात. समुद्रातलं मीठ जलीय असतं. चुन्याचंही तसंच. एक लिटर पाण्यात जेमतेम पावणेदोन ग्रॅम चुना विरघळतो. वरची नितळ निवळी जलीय, खाली बसलेला गाळ स्थायू. एकाच भांड्यात एकाच पदार्थाचे दोन कंस. बोअरच्या पाण्याचा हंडा आतून पांढरा होतो त्याला आपण क्षार म्हणतो. पाण्यात कॅल्शिअम बायकार्बोनेट मुरलेलं असतं, तापवलं की त्याचं कार्बोनेट होऊन ते स्थायू रूपात हंड्याला धरतं, वायू उडून जातो. या बायकार्बोनेटची गंमत अशी की ते कोरडं करून बरणीत भरून ठेवताच येत नाही. पाणी गेलं की तेही मोडतं. त्याच्यापुढं जलीय हा एकच कंस शक्य आहे.

आता जे बोलायचं आहे ते मनात फार वर्षं साठलेलं आहे.

दसरा झाला की आपल्या तालुक्यातून ऊसतोडीला बिऱ्हाडं निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो आणि गाडी पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे लागते. मागं आजी असेल किंवा हंगामी वसतिगृहात जागा मिळाली तर पोर शाळेत राहतं. नाहीतर तेही कोपीवर जातं. माझ्या वर्गात दर वर्षी दिवाळीनंतर बाकं रिकामी होत. एक मुलगा तर रासायनिक समीकरणांचा धडा सुरू होण्याच्या आठवड्यात गेला आणि पाडव्याच्या सुमारास परत आला. तोवर धडा, घटक चाचणी, प्रयोगवही, सगळं उरकलं होतं. मी त्याला विचारलं, साखर कारखान्याजवळ काय पाहिलंस? तो सांगू लागला. गंधकाचा वास कसा घशात बसतो, रसात चुन्याचं पाणी सोडतात, काळपट रस नितळ कसा होतो आणि काळा गाळ ट्रॉल्या भरभरून बाहेर कसा जातो. आत काम करणाऱ्या कुणीतरी त्याला एकदा दाखवलं होतं.

मी खडू घेतला आणि त्याच्या शब्दांखाली समीकरणं लिहीत गेलो. गंधक जळतं आणि सल्फर डायऑक्साइड होतो. पुस्तकं तिथं गंधकापुढं स्थायू लिहितात. तो म्हणाला, "सर, ते आधी पातळ होतं, काकवीसारखं, मग निळं जळतं." बरोबर होतं त्याचं. गंधक ११५ अंशांच्या आसपासच वितळतं, भट्टीत जळताना ते द्रव असतं. मग चुना आणि सल्फर डायऑक्साइड मिळून कॅल्शिअम सल्फाइट, आणि पाणी. सल्फाइट विरघळत नाही, त्याचा अवक्षेप होतो. खाली बसताना तो रसातला रंग आणि मळ स्वतःवर ओढून घेतो. स्थायू झाला म्हणून गाळता आला, गाळता आला म्हणून साखर पांढरी झाली. तोच गाळ प्रेसमड म्हणून पुढं शेतात खताला जातो. त्या पोरानं पाच कंस न चुकता भरले. वर्गात हजर असलेल्यांना ते जमले नव्हते.

वर्षाअखेरच्या परीक्षेत तो नापास झाला. समीकरणं संतुलित करा असा प्रश्न होता, अवस्था विचारलेल्या नव्हत्या. परीक्षा घेणाऱ्यांना दोष देऊन मी मोकळा होणार नाही, कारण घटक चाचणीचे प्रश्न वर्षानुवर्षं मीही तसेच काढत आलो होतो. त्यानंतर मात्र मी एकही समीकरण कंसाशिवाय विचारलं नाही आणि कंसांना आकड्यांइतकेच गुण ठेवले. तो पुढच्या वर्षी पुन्हा बसला आणि सुटला. आज या तालुक्यात जे शिक्षक आहेत त्यांना मी हात जोडून विनंती करतो. हंगाम संपवून मूल परत आलं की त्याचा बुडलेला धडा त्याच्यापुढं टाकण्याआधी, त्यानं चार महिने काय पाहिलं ते त्याला वर्गापुढं सांगू द्या. गूळ करताना निवळी कधी घालतात, भेंडीचा चिकट रस कशाला लागतो, पाकाला तार कधी येते, हे एखाद्या पोरीला माहीत असतं. तिला फक्त अक्षरं हवी असतात. ती आपल्याकडे आहेत.

सरांचा एक रिकामा कंस माझ्याकडे राहिला आहे, तो तुमच्याकडे देऊन थांबतो. शेवटच्या आजारपणात मी भेटायला गेलो होतो. बोलणं चुन्यावर आलं. ते म्हणाले, कळीचा चुना विरताना ढेकूळ फुटतं, पाणी उसळतं, वाफ वर जाते. पुस्तकात मात्र लिहितात चुना स्थायू, पाणी द्रव, आणि उजवीकडे एकटं हायड्रॉक्साइड. ५६ ला १८ असा हिशेब. मग ती वाफ समीकरणात कुठं आहे? ती कुणाचं उत्पादित, की नुसतीच तापून निघालेली? आणि बरोबर १८च ओतलं तर ढेकूळ पुरतं विरेल का?

मी उत्तर द्यायला लागलो तर त्यांनी हातानं थांबवलं. म्हणाले, "पोरांना विचार. आणि चुना त्यांना एकट्यानं विरवू देऊ नकोस, डोळ्यात उडतो. कुणी मोठं माणूस जवळ असू दे, लांब उभं राहायला सांग."

तर मुलांनो, उद्या शाळेत तुमच्या बाईंना, सरांना सांगून मोठ्यांच्या देखत एक ढेकूळ विरवा. लांबूनच बघा. पाणी किती घातलं ते आधी मोजा, सगळं निवाल्यावर फक्कीचं वजन करा आणि परवा मला कंस भरून दाखवा. मी परवापर्यंत गावातच आहे.